मार्थाताईची लाल बाटली

माझ्या लग्नात, भरल्या मांडवात, मी मार्थाताईची बाटली नालीत ओतली होती.

आज सकाळी तिच्या मुलीचा फोन आला. मार्थाताई गेली. नव्वदी पार केली होती.

मी सांगतो आहे, नात टाईप करते आहे. मध्येच थांबून माझ्याकडे पाहते. पाहू दे.

चौसष्ट-पासष्ट सालची गोष्ट. अचलपूरला आम्ही भिंतीला भिंत लागून राहायचो. ताई दवाखान्यात नर्स. माझं मॅट्रिकचं इंग्लिश तिच्याच ओट्यावर पक्कं झालं.
स्पेलिंग चुकलं की म्हणायची, "मास्तर होशीन का म्हशी राखशीन?"
मास्तर झालो.

नाताळासाठी ती दरवर्षी दोन बरण्या घालायची. एक काळ्या मनुकांची वाईन, एक जांभळांची. जांभळाची जरा तुरट लागते म्हणायची.
आम्ही बौद्ध. पंचशील घेतलेलं. म्हणून आमच्या घरी नुसता केक यायचा. तिनं कधी आग्रह केला नाही.

वस्तीत पाचवं शील, म्हणजे दारूपासून दूर राहायचं, हे घरोघर जाऊन समजावणारा मीच. भाषणं ठोकायचो. लई ऐट होती तेव्हा.

लग्नात त्रिशरण झालं, पंचशील झालं. विधी आटोपला अन् ताई पुढे आली. हातात बाटली, आत लालभडक रस. तिनं त्यात गोटी सोडा ओतला तसा फेस वर आला.
"आमच्यात नवी जोडी एकाच गिलासातून पिते. घे रे मास्तर."

मागून कोणीतरी हसलं.
"वा रे मास्तर. लोकायले शील शिकवते, अन् सोता?"

माझं डोकं फिरलं.
"ताई, तुले लाज नाही? मांडोत दारू आणली?"

बाटली तिच्या हातातून हिसकली अन् मांडवाच्या कडेच्या नालीत उपडी केली. माझ्या बायकोच्या, शेवंताच्या, पांढऱ्या लुगड्यावर दोन-चार लाल थेंब उडाले.

ताईनं रिकामी बाटली पदराखाली घेतली अन् घरी गेली. जेवलीही नाही.

संध्याकाळी माय माझ्यावर खेकसली.
"अंबाडीच्या लाल बोंडायचं शरबत होतं ते. तुयं शील मोडू नये म्हणून तिनं हिवाळ्यातच बोंडं सुकवून ठेवली होती. माह्या सामने."
मी म्हणालो, "मले काय मालूम?"

हेच उत्तर मी साठ वर्षं दिलं. मायला, शेवंताला, ज्यानं विचारलं त्याला.
अन् ताईच माझी बाजू घ्यायची. "त्याले मालूम नवतं वो. मालूम असतं तर असं केलं असतं का त्यानं?"

त्या वर्षीपासून तिनं नाताळाच्या बरण्या घातल्या नाहीत. विचारलं तर म्हणे, "आता होत नाही माह्याच्यानं." तेव्हा पस्तिशीचीही नव्हती ती.

आता खरं सांगतो.

बाटली उपडी केली अन् तो आंबट वास नाकात शिरला. अंबाडीची भाजी खाऊन वाढलेला माणूस मी. मला तो वास कळणार नाही होय?
अर्धी बाटली अजून शिल्लक होती. हात थांबवता आला असता. पण दारू म्हणून ओरडून बसलो होतो, अन् सारी वस्ती पाहत होती.
उरलेली अर्धीही मी ओतली.

ताई, मले मालूम होतं.
तू माझ्या बाजूनं बोलत राहिली, अन् मी तुला बोलू दिलं. फार लाज वाटते.

उद्या तुझ्या मातीला येतो आहे. तुझ्या मुलीला हे तोंडानं सांगणार आहे, नुसत्या पोस्टवर भागायचं नाही.
निघ आता, ताई. सुखानं जा.