वहीतली दुसरी ओळ

हिंगोलीच्या कॉलेजात सी भाषा शिकताना प्रत्येक प्रोग्रामच्या डोक्यावर आम्ही दोन 'इन्क्लूड' ओळी लिहायचो. का, ते कुणी विचारलं नाही. सर म्हणायचे, "लग्नपत्रिकेवर श्री लिहिता ना? तसंच हे." मुली प्रोग्राम पाठ करायच्या, कविता पाठ करतात तसे.

मी इंग्रजी शाळेतून आलेले आणि कमी बोलणारी, म्हणून माझं नाव 'मॅडम' पडलं होतं. सेनगावच्या बसमध्ये माझ्या शेजारी सहसा कुणी बसत नसे. लॅबमध्ये मात्र मदतीचं पान उघडायचं बटण मला सापडलं होतं. पान इंग्रजीत, त्यामुळे तिकडं कुणी फिरकत नव्हतं. मी रोज थोडं वाचायची. हळूहळू कळलं, की त्या ओळी म्हणजे कंपायलरला, आपला प्रोग्राम संगणकाच्या भाषेत उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरला, आधीच दिलेल्या सूचना: अमुक फाइल आत घे. आपण वापरतो ती तयार फंक्शन्स, म्हणजे छापण्यासारखी ठरावीक कामं करणारे तुकडे, त्या फाइलींत नोंदलेली असतात. दुसऱ्या ओळीतली फाइल फक्त पडदा पुसण्यासाठी आणि बटण दाबेपर्यंत थांबण्यासाठी होती.

प्रॅक्टिकल परीक्षेला आम्हाला दुसऱ्या कॉलेजात पाठवलं. तिथला कंपायलर वेगळा. सगळ्यांच्या पडद्यावर एकच चूक: दुसऱ्या ओळीतली फाइल सापडत नाही.

"स्पेलिंग बराबर हाय की!" माझ्या शेजारची रडवेली झाली. मला 'मॅडम' म्हणायला तिनंच सुरुवात केली होती. तिनं ती ओळ खोडून पुन्हा तश्शीच लिहिली. तीनदा.

मी माझ्या प्रोग्राममधून ती ओळ आणि तिची दोन फंक्शन्स काढली. प्रोग्राम चालला. उत्तर बरोबर. आता गप्प बसले असते तरी माझे गुण पक्के होते. बाकीच्या वर्गाला शून्य ठरलेलं होतं. शेजारणीला कुजबुजले तर कॉपी. उरलं काय, तर उभं राहणं. मी उभी राहिले. टेबलाची कड घट्ट धरून.

"सर, ही फाइल या कंपायलरकडे नाहीच. ती ओळ आणि तिची दोन फंक्शन्स काढली, की चालतं."

परीक्षकांनी चष्म्यावरून पाहिलं. "मग पहिलीही काढू का?"

"नाही सर. छापायचं फंक्शन तिच्यात आहे."

"हे कुणी शिकवलं?"

"वाचलं, सर."

त्यांनी खडू माझ्या हातात दिला. "सगळ्यांना लिहून दाखव." फळ्यावर माझं अक्षर वाकडं आलं. पण पाठीमागं एकेक करून कीबोर्ड वाजू लागले, आणि मग कुणीतरी जोरात म्हणालं, "चाललं!"

संध्याकाळी बसस्टँडवर त्याच शेजारणीनं खिडकीतून रुमाल टाकून दोन जागा धरल्या. "मॅडम, इकडं ये. आता सांग, काहून लिहीत होतो आपण ती ओळ?"

सेनगाव येईपर्यंत मी बोलत होते. मधे एकदा तिनं टोकलं, "अगं, श्वास तरी घे!"