माझी बडबड आणि मिलिटरीची गाडी

ह्यांना गाडी विकायची नव्हती आणि मला ती विकायचीच होती. आमच्या दोघांच्या ह्या ओढाताणीत पुण्याचा एक भला माणूस सापडला. हिवाळ्यातल्या एका शनिवारी तो खरोखरच केबिनमध्ये आमच्या दोघांच्या मधे, मांडीवर वही घेऊन बसला होता. त्या दिवशी मी त्याच्या जिवाशी जो खेळ केला, तो मी आजवर कुणाला सांगितलेला नाही.

गोष्ट नव्वद सालानंतरच्या तीन-चार वर्षांतली. आम्ही पेणजवळच्या खाडीकाठच्या गावात राहत होतो. मी गावच्या शाळेत शिक्षिका आणि माझे यजमान ट्रकवाले. ट्रक साधा नव्हता. मिलिटरीने मोडीत काढलेला, उंच चाकांचा, चारही चाकांना जोर देणारा. लिलावात घेऊन ह्यांनी तो स्वतः उभा केला होता. भरतीने खाडीकाठचा खारबांध फुटून खांड पडली की दगड टाकायला आमचीच गाडी, कारण बाकीच्या गाड्या चिखलात पोटापर्यंत रुतायच्या. उन्हाळ्यात मिठागरातलं मीठ, हिवाळ्यात रोह्याच्या जंगलातलं लाकूड. गावात ह्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. 'मिलिटरीवाले' म्हणत, आणि ते ऐकून ह्यांची छाती दोन बोटं पुढे यायची.

त्या छातीला पनवेलच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी टाचणी लावली. काचबिंदू. समोरचं नीट दिसतंय, पण कडेचं जात चाललंय, आणि गेलेलं परत येत नाही. संधिप्रकाशात आणखी कमी दिसेल. "गाडी आजपासून बंद," डॉक्टर म्हणाले. हे हसून म्हणाले, "रस्ता मला पाठ हाय." घरी येताना गाडी ह्यांनीच चालवली.

आमचा क्लीनर तेव्हा नागोठण्याच्या कंपनीत कंत्राटावर लागला होता. मग शाळा सुटली की मीच डावीकडच्या खिडकीशी बसायला लागले. 'डावीकडे सायकल' असं सरळ म्हटलं तर हे चिडत. म्हणून मी गप्पा मारल्यासारखं करायचे. "अगोबाई, किती छान म्हैस ती, डावीकडची!" "हा म्हातारा मध्येच चालतोय की!" हे म्हणायचे, "काय बडबड लावलीस गो!" पण स्टिअरिंग वळायचं. दोन वर्षं आमचा संसार असा चालला. त्यांनी कधी कबूल केलं नाही आणि मी कधी कबूल करायला लावलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मात्र सकाळी मी शाळेत असायचे आणि हे एकटे रस्त्यावर. मुलं बाराखडी म्हणत असायची आणि माझा कान बाहेर. एके दिवशी पेणच्या बाजारात गाडी भाजीच्या हातगाडीला घासून गेली. माणूस वाचला, टोमॅटो गेले. त्या संध्याकाळी मी जेवायला वाढलं नाही. पुढ्यात बसून म्हटलं, "एक तर गाडी विका, नाहीतर मी नोकरी सोडून दिवसभर तुमच्या शेजारी बसते. माणूस मरायची वाट बघायची नाही मला." ह्यांनी रिकामं ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाले, "भंगारवाल्याला देणार नाय."

पण बाकीच्यांना तरी कुठे देत होते? तीन गिऱ्हाइकं आली आणि तिघांना ह्यांनी काही ना काही खोड काढून वाटेला लावलं. एकाचे बूट आवडले नाहीत. चौथा आला तो हा पुण्याचा. पंचेचाळिशीचा, कारखान्यातली नोकरी सोडलेला. त्याला ट्रकवर घर बांधायचं होतं. मी आधी समजले की बांधकामाला ट्रक हवा असेल. तर नाही, घरच ट्रकवर! मागे पत्र्याची खोली, दोन बिछाने, ओटा, पाण्याची टाकी. बायको आणि मुलगी घेऊन हा हिमालयात, जिथे रस्ता संपतो तिथून पुढे जाणार. लोक घर बांधायला जागा शोधतात आणि हा बाबा घराला चाकं लावायला निघालेला. हौसेला मोल नाही म्हणतात ते खरं.

मला वाटलं, आता ह्याच्याही बुटांकडे बघतील. पण हे त्याच्या वहीतलं चित्र डोळ्यांसमोर धरून बघत होते. "झोपताना डोकं कुठल्या अंगाला?" त्यांनी विचारलं. "इंजिनकडं ठेवा. थंडीत ऊब राहील." माझा जीव भांड्यात पडला. गाडी ह्यालाच जाणार.

पण त्याला आधी गाडीची ताकद बघायची होती. आमच्याकडच्या गाडीवाल्यांची एक रीत होती. बयाणा हातात पडल्याशिवाय स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही. तो म्हणाला, चढण-ओढा बघितल्याशिवाय बयाणा देणार नाही. हे म्हणाले, "मग बसा. मीच दाखवतो. रोह्याच्या अलीकडं जंगलात ओढा हाय, तिथं बघा."

बोलायची वेळ तीच होती. "ह्यांना कडेचं दिसत नाही," एवढंच वाक्य. पण ते बोलले असते तर हा माणूस गेला असता, हे मला जन्मभर बोलले असते आणि गाडी दारातच राहिली असती. मी मनात हिशोब केला. दुपारी निघायचं, ओढा दाखवायचा, आणि नागोठण्याला कंपनीची जनरल शिफ्ट सुटायच्या आत परत फिरायचं. शिफ्ट सुटली की तिथे सायकलींचा लोंढा येतो आणि उजेडही तेव्हाच जातो. मी तोंड बंद ठेवलं, पदर खोचला आणि खिडकीशी जाऊन बसले.

जाताना सगळं ठीक झालं. वडखळला मी एका एसटीचं कौतुक केलं, पुढे दोन शेळ्यांचं. पाहुणा हसून म्हणाला, "वहिनी, तुम्हाला प्रवासाची फार आवड दिसते." ह्यांच्या मिशीत हसू होतं. मला घाम फुटला होता.

भिसे खिंड ओलांडून आम्ही जंगलात उतरलो आणि तिथे मात्र मी गप्प बसले. तिथे माणूस नव्हता, जनावर नव्हतं, आणि ओढ्यातला दगडन् दगड ह्यांच्या ओळखीचा होता. गाडी पाण्यात उतरली, गोट्यांवरून डुलत पुढे गेली आणि समोरची उभी दरड चढून वर थांबली. पाहुणा लहान मुलासारखा टाळ्या वाजवायला लागला. हे खाली उतरले आणि त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. त्या क्षणी मला त्यांचा अभिमान वाटला आणि त्यांच्याकडून हेच काढून घ्यायला मी निघालेय म्हणून रडूही आलं.

पण पाहुणा हलेना. टेप काढून मापं घेतली. गाडीखाली झोपला. फोटो काढले. मग रोह्यात जाऊन चहा पिऊ म्हणाला. मी घरी पाहुणे यायचेत अशी थाप मारली, तरी चहा झालाच. निघालो तेव्हा पाच वाजून गेले होते. आणि चढताना तो म्हणाला, "वहिनी, तुम्ही आत बसा. मला खिडकीतून चाकांचा आवाज ऐकायचाय."

आता मी मधे, आणि डावीकडच्या रस्त्यावर त्याचं डोकं. मान लांब करून दिसेल तेवढं बघत होते. सूर्य डोंगराआड गेला. ह्यांनी दिवे लावले. दिव्यांच्या उजेडाबाहेरचं त्यांना आता काही उरलेलं नव्हतं, हे मला त्यांच्या जबड्यावरून कळत होतं. मी हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. दाबला की ते उजवीकडे घेत. घट्ट धरला की हळू करत. असं आम्ही कधी ठरवलं नव्हतं, पण त्यांना ते लगेच कळलं. "थांबू या का जरा?" मी विचारलं. "कशाला?" हे म्हणाले.

नागोठण्याला शिफ्ट सुटली होती. सायकलीच सायकली, हँडलला डबे, दिवा एकालाही नाही. मी हात घट्ट धरला. गाडी बैलगाडीच्या चालीने जात होती. पाहुणा काहीतरी दाखवायला पुढे वाकला आणि माझ्यासमोरची डावी बाजू पूर्ण झाकली गेली. मी "सायकल" म्हणायला तोंड उघडलं, पण कुठे ते मलाच दिसत नव्हतं. तेवढ्यात तोच ओरडला, "डावीकडे, डावीकडे!" ब्रेक कचकन लागला. बाहेर पत्र्यावर काहीतरी आपटलं.

मी पाहुण्याच्या पायांवरून खाली उडी मारली. सायकलवाला धुळीत बसला होता. उठला, हातपाय झाडले आणि ह्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. शिव्या इतक्या गोड मला कधी लागल्या नाहीत. त्याला खरचटलंही नव्हतं. डबा मात्र उघडून रस्त्यावर पसरला होता.

हे उतरले. दिव्यांच्या उजेडात उकिडवे बसून डबा गोळा करू लागले. एक वाटी मिळाली, दुसरी मिळाली. झाकण सापडेना. झाकण त्यांच्या डाव्या पायापासून वीतभर अंतरावर पडलं होतं. हे समोर चाचपडत होते. पाहुण्याने ते बघितलं. त्याने झाकण उचललं आणि ह्यांच्या डाव्या कानाशेजारी धरलं, हळूच हलवलं. ह्यांची मान वळली नाही. हात समोरच्या धुळीत फिरत राहिला.

मग पाहुण्याने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

त्याने झाकण ह्यांच्या समोर आणलं. ह्यांनी डबा लावून सायकलवाल्याला दिला, त्याच्यापुढे हात जोडले आणि किल्ली पाहुण्याच्या हातात ठेवली. "चालवा."

"बयाणा दिलेला नाही अजून," तो म्हणाला.

"राहू दे."

घरापर्यंत गाडी त्यानेच चालवली. दारात गाडी लागली तशी त्याने किल्ली ह्यांना न देता मला दिली. "वहिनी, मला दहा वर्षांची मुलगी आहे," तो म्हणाला. "तुम्ही मला सांगायला हवं होतं." आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "हो. चुकलं माझं." तो शेवटची एसटी पकडायला नाक्यावर चालत गेला.

किल्ली मी तांदळाच्या डब्यात ठेवली. तिसऱ्या दिवशी ह्यांनी विचारलं, "चावी कुठं हाय?" जित्याची खोड मेल्याशिवाय जायची नाही, असं माझ्या मनात आलं. तरी खोटं बोलायचा मला वीट आला होता. "तांदळात," मी म्हटलं आणि शाळेत गेले. त्या दिवशी मी मुलांना काय शिकवलं, देव जाणे. परत आले तेव्हा गाडी जागेवर होती. डबा उघडून बघितला. किल्ली तशीच, वरचा तांदूळही हललेला नव्हता.

पुढच्या रविवारी पाहुणा परत आला, सोबत आपला ड्रायव्हर घेऊन. मला म्हणाला, "माझा राग गाडीवर नाही." बयाणा नाही, सगळीच रक्कम आणली होती. ह्यांनी त्या दोघांना दुपारपर्यंत गाडीचं सगळं सांगितलं: ती थंडीत कशी रुसते, कुठला नट दर महिन्याला आवळायचा. मग डाव्या अंगाला उभे राहून गाडी अंगणातून मागे काढून दिली. "येऊ द्या, येऊ द्या... बास." पत्र्यावर दोन थापा मारल्या. गाडी बांधाच्या सरळ रस्त्याने निघाली आणि आम्ही तिच्यामागे थोडं चालत गेलो. सरळ समोर होती, म्हणून ह्यांना ती शेवटपर्यंत दिसली.

आम्ही घराकडे वळलो. मी सवयीने त्यांच्या डाव्या बाजूला होते, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता. आता कशाला बोलायचं? गाडीच नव्हती. दहा-बारा पावलं गेलो आणि हे थांबले.

"बोल की गो," ते म्हणाले. "गप का? डावीकडं काय हाय?"

दोन वर्षांत त्यांनी पहिल्यांदा विचारलं होतं.

"सायकल आहे," मी म्हटलं. "उभी करून ठेवलीय कुणीतरी."

त्यांनी भर रस्त्यात माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तिच्या पलीकडं?"

पलीकडे रिकामी पाटी होती, तिच्या शेजारी झोपलेला कुत्रा, मग आमचं कुंपण. मी एकेक करून सगळं सांगितलं.