मशीनची फारखती

आमच्याकडे फारकत या शब्दाचा एकच अर्थ होता. नवरा-बायकोचं जमलं नाही की पंचांपुढे दोघं मोकळी व्हायची, ती फारकत. तरुण विधवेचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावायचा असला तर सासरची माणसं तिला मोकळी करायची, त्यालाही लोक फारकतच म्हणत. गोंदियाच्या पेढीवर मात्र हिशेब मिटला, आता काही देणं उरलं नाही, असा कागद लिहून देत आणि त्या कागदाला फारखती म्हणत. हे चिचगडकडच्या आमच्या गावात कोणाला माहीत असणार? मला तर नव्हतंच. क आणि ख यांत किती फरक आहे तो मला आज कळतो, त्या दिवशी कानाला कळला नाही. आणि कळला नाही म्हणूनच आमचं घर राहिलं. ते कसं, तेच सांगते.

इंग्रजांचं राज्य होतं, दुसरी लढाई अजून लागायची होती. माझे घरधनी शिवणकाम करायचे. बंड्या, कुडते, बायकांच्या चोळ्या. मशीन गोंदियाच्या एका सेठकडून उधारीवर आणलेली. पायाची, काळीभोर. बैलगाडीत तणसात गुंडाळून आणली तेव्हा गाव बघायला जमलं होतं. हप्ते नीट जात होते. मग घरधन्यांना हिवतापानं धरलं, तो काही सोडेना. अंथरूण धरलं, हप्ते थांबले, आणि दिवाळी झाली तसे ते गेले.

घरात मी आणि आत्या, अशा दोघीच उरलो. माझी सासू म्हणजे माझ्या बापाची सख्खी बहीण, म्हणून लग्नानंतरही मी तिला आत्याच म्हणायची. मला मूलबाळ नव्हतं. घरधन्यांच्या शेजारी बसून बसून मला मशीन चालवता येत होती. मशीन राहिली तर दोघींचं पोट भरलं असतं. गेली असती तर आत्याला देवरीला लेकीच्या दारात जाऊन बसावं लागलं असतं, आणि मला पाट लावावा लागला असता. माहेराकडून एका बिजवराचा निरोप येऊनही गेला होता. आत्या त्याबद्दल काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. एकाच चुलीपाशी दोघी बसायचो आणि ती गोष्ट मध्ये पडून असायची.

मला रडू आलं नव्हतं. आत्या दोघींच्या वाट्याचं रडली. बायका आपसात म्हणायच्या, "इले काई वाटूनच नाई राहिलं." खरंच होतं ते. पाणी प्यायले तरी तहान गेली की नाही कळायचं नाही. चुलीचा चटका बसला हे बोटावरचा फोड बघून कळायचं. सगळं असं दुरून चालल्यासारखं वाटे, आणि मी कोणा दुसऱ्याच्या घरी बसलेली.

अशात एका सकाळी सेठचे वसुलीचे मुनीमजी आले. सोबत भाड्याची बैलगाडी होती. गाडी रिकामी, खाली तणस अंथरलेलं. ते तणस बघून मी समजले. मुनीमजी सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत आले, मशीनवर मी माझं जुनं लुगडं झाकलं होतं ते त्यांनी कोपऱ्याला धरून जरा उचललं, बघितलं, परत नीट झाकलं. मग खाटेवर बसले. काळा कोट घातलेला. कोटाचं मधलं बटण एका धाग्यावर लोंबत होतं. मी त्या बटणाकडे बघत उभी राहिले.

"देखो बाई," ते म्हणाले, "हिशेबाने ब्याऐंशी होतात. पण सेठ बोलले, आदमी गेला, घरात बाया आहेत, सूट देऊन टाक. तर तू साठ दे. साठमध्ये आखरी करतो आणि आत्ता, इथंच, फारखती लिहून देतो. नहीं तो मशीन गाडीत."

त्यातला एक शब्द मला ऐकू आला. मला वाटलं, बिजवराचं काम पेढीपर्यंत पोचलं. साठ रुपये घेऊन हा माणूस मला या घरातून मोकळी करून राहिला.

"मले फारकत नाई पायजे," मी म्हणाले.

मुनीमजींनी मान वर केली. "क्यों? सूट कम लगती है?"

"कमी-जास्तीचं नाई. मले घ्याचीच नाई."

त्यांनी टोपी काढून डोकं पुसलं. आत आत्या तांदूळ पाखडत होती, तिच्या सुपाचा आवाज चालू होता.

"पन्नास," मुनीमजी म्हणाले. "पन्नास दे, फारखती घे, मैं चला."

"नाई."

"मशीन जाएगी बाई."

"जाऊ द्या. फारकत नाई घेत मी."

आता बघा, मला मशीन हवीच होती. पण फारकतीपुढे मशीनचं काय? घर सुटल्यावर मशीन कोणत्या सपरीत ठेवायची? असा विचार मी केला असं आज म्हणते. तेव्हा विचारबिचार काही नव्हता, तोंडातून नाही येत होतं आणि मी ते येऊ देत होते. आवाजही चढला नाही. मुनीमजींना नंतर कोणी विचारलं असतं तर ते म्हणाले असते, असली पक्की बाई कुठं पाहिली नाही.

"चालीस. इसके नीचे कोई नहीं देगा. उभ्या गोंदियात विचार."

"तुमी फुकट देसान तरी नाई घेत."

"फुकट?" मुनीमजी गाडीवाल्याकडे वळले. "सुन रहा है? फारखती फुकटात पण नको म्हणते." गाडीवाला बैलांच्या अंगावरच्या माश्या वारत होता. मुनीमजींनी आवाज खाली आणला. "तीस. बस. सेठने मुझे तीस तक का ही बोला है. इसके आगे मेरी नौकरी जाती है, माय."

आत सुपाचा आवाज थांबला. आत्या बाहेर आली. हातात सूप तसंच, पदराला कोंडा लागलेला. डोळे सुजलेले, पण बोलणं असं की पंचांतला म्हातारा बोलावा.

"मुनीमजी, सून माही हाये. तिची फारकत द्याची का नाई ते मी सांगीन. तुमाले कायले पायजे? त्या बिजवरानं धाडलं का तुमाले?"

"कौन बिजवर?"

"जास्त शहाणपण नोका करू. सकाळपासून फारकत, फारकत लावली हाये. मेलेल्या माणसापासून फारकत घेते का कोणी? लेक माहा गेला, आता सूनबी न्या गाडीत घालून, तणस तर टाकूनच आणलं."

मुनीमजींनी आत्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मग त्यांना उलगडलं. हसू आलं ते आवरेना, खोकला लागला, मीच पाणी आणून दिलं. "अरे माय," ते म्हणाले, "फारकत नहीं, फारखती. कर्जाची. पैसे चुकते झाले, मशीन तुमची, सेठचं काही राहिलं नाही, असा कागद."

आत्या उभीच. "म्हणजे मशीन मोकळी होते. सून नाई."

"सून को कौन हात लगाता है."

"मंग असं सरळ बोलावं न मानसानं."

मुनीमजींनी गळा साफ केला. "तो फिर, साठ में—"

"तीस," आत्या म्हणाली. "तुमच्या तोंडानं तीस निंगालं. गाडीवाल्यानं आयकलं."

मुनीमजी गाडीवाल्याकडे बघत राहिले. गाडीवाला बैलाच्या शिंगाकडे बघत म्हणाला, "आयकलं."

आत्याने तांदळाच्या मडक्यात कोपरापर्यंत हात घातला आणि पुरचुंडी काढली. तिने हातातले चांदीचे गोठ मोडले होते त्याचे ते पैसे, आजारपणातून उरलेले. तीस मोजून झाले आणि फडक्यात थोडी चिल्लर राहिली. मुनीमजींनी मांडीवर पाटी घेऊन कागद लिहिला, वाचून दाखवला, सेठच्या वतीनं सही केली, माझा अंगठा घेतला. पुढे कितीतरी वर्षांनी मी आपली आपण अक्षरं शिकले, तेव्हा तो कागद काढून त्यातला ख बोटाने शोधला होता. होता तिथं, चांगला ठळक.

कागद घडी करून आत्याने कमरेला खोवला. मुनीमजी उठले. बटण अजून लोंबतच होतं.

"कोट काढा," मी म्हणाले. "बटण पडून राहिलं."

मी सुईदोरा घेऊन तिथंच लावून दिलं, दोऱ्याला चांगले वेढे देऊन.

"कितना हुआ?"

"एक आना."

"बटण तो मेरा ही था."

"फारखती झाली न मुनीमजी. आता तुमची-आमची उधारी नाई. रोख."

आत्या हसली. मोठ्यानं हसली आणि लगेच पदर तोंडाला लावला. मी बोलले ते माझ्याच आवाजात होतं, पण मला ते शेजारच्या घरातून आल्यासारखं वाटलं. मुनीमजींनी आना दिला, वर म्हणाले, "सेठ को नहीं बताऊंगा," आणि रिकामी गाडी घेऊन गेले. तणस तेवढं आमच्या बकरीसाठी टाकून घेतलं आत्याने.

गाडीचा आवाज गेल्यावर आत्या म्हणाली, "गाडी आली तवा मले वाटलं, तूच त्याले बोलावलं."

"मले वाटलं तू."

"मी कायले बोलावू?" मग थोड्या वेळाने, "बिजवराले काय सांगू?"

"नाई म्हणून सांग."

"बरं." आत्या परत सूप घेऊन बसली.

मी मशीनवरचं लुगडं काढून घडी घातली. पाय ठेवून पाहिलं तर चाक जड फिरत होतं, किती दिवस बंद पडलेली.

"तेल घाल," आत्या आतून म्हणाली.

मी तेल घातलं.