मला कळत नाही

डेपोत त्याला सगळे 'पाहुणा' म्हणत. आईचा हात धरून तो लहानपणीच या शहरात आला, इथल्याच शाळेत शिकला, इथेच बस चालवता चालवता कानशिलावरचे केस पिकले, तरी पाहुणा तो पाहुणाच. तो हसण्यावारी न्यायचा, पण आत शाळेपासूनचा सल होता. म्हणून तर शाळेत असतानाच आरशासमोर उभं राहून त्याने शहराची भाषा घोटून घोटून जिभेवर बसवली होती. घरची भाषा फक्त घरात, आईशी. उंबरठ्याबाहेर तिचं नाव नाही.

त्या दुपारी तिकीट तपासनीस त्याच्या सीटमागे दांडा धरून उभे होते. शहरात नव्याने आलेल्या लोकांवर त्यांचं तोंड सुटलं होतं.

"काही विचारलं की नुसते तोंडाकडे बघतात. आता तुझंच घे. तुला कोण बाहेरचा म्हणेल? तू आमच्यातलाच झालास."

पाहुण्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं, खोटं कशाला बोला.

पुढच्याच थांब्यावर एक म्हातारी चढली. एका हातात डबा, काखेत पिशवी. तिने दोघा-तिघांना काहीतरी विचारलं, त्यांनी नुसत्या माना हलवल्या. मग तिची नजर ड्रायव्हरच्या तोंडवळ्यावर गेली आणि तिचा चेहरा उजळला.

"बाळा, तू आपल्याकडचाच ना रे?" तिने चक्क त्याच्या घरच्या भाषेत विचारलं. "मोठ्या इस्पितळाला कुठे उतरू? आमच्या ह्यांना ऑपरेशनला नेणार आहेत."

त्याने चमकून तिच्याकडे पाहिलं. इस्पितळ म्हणजे चौकातून वळलं की लगेच. एका वाक्याचं काम. पण मागे तपासनीस होते, आणि त्यांचं ते 'आमच्यातलाच' अजून त्याच्या कानात गोड वाजत होतं.

"मला कळत नाही," तो शहराच्या भाषेत म्हणाला. "मागे सरका."

तिने पुन्हा विचारलं. या वेळी सावकाश, एकेक शब्द सुटा करून, जणू चूक तिचीच होती. त्याने रस्त्यावरून नजर हलवली नाही.

"बघ! मी काय म्हणत होतो?" तपासनीस हसले.

इस्पितळाचा थांबा आला. तपासनीस तिथेच उतरले. आता कुणाची भीड नव्हती. आरशात त्याला म्हातारी दिसत होती, भलत्याच बाजूच्या खिडकीतून बाहेर डोकावणारी. पण आता बोलायचं तर मघाचं खोटं तिच्यासमोर उघडं पडणार! त्याने दार लावलं आणि बस काढली.

शेवटच्या थांब्यावर, गोदामांच्या ओळीपाशी ती उतरली. इकडेतिकडे बघत, डबा छातीशी धरून, इस्पितळाच्या उलट्याच दिशेने चालू लागली.

संध्याकाळी जेवताना त्याने आईला सगळं सांगितलं. ती रागावेल, चार शब्द सुनावेल, मग मन हलकं होईल असं त्याला वाटलं होतं. ती रागावली नाही.

"माझ्याशी तरी बाहेर कुठे बोलतोस तू?" ती म्हणाली. "बाजारात हाक मारली की भराभर पुढे चालायला लागतोस. मी आपली समजत होते, पोराला घाई असेल."



सुटीच्या दिवशी तो इस्पितळात चौकशी करून आला. नाव ना गाव, सांगणार तरी काय? शेवटी बऱ्याच दिवसांनी ती भाजीवाल्यापाशी दिसली, नातीसोबत. तो तिच्याजवळ गेला.

"मावशी," तो घरच्या भाषेत म्हणाला, "त्या दिवशी मला सगळं कळलं होतं."

"ठाऊक आहे. ऑपरेशन म्हटल्यावर तू चमकून बघितलंस. न कळणारा माणूस असं बघत नाही."

"काका कसे आहेत?"

"बरे आहेत. पण मी पोचले तेव्हा त्यांना आत नेलं होतं. भूल देईपर्यंत 'ती आली का' म्हणून विचारत होते म्हणे." तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "इथल्या कुणी हाकललं असतं तर एवढं लागलं नसतं रे."

"माझं चुकलं, मावशी."

तिने नुसती मान हलवली आणि नातीचा हात धरून निघून गेली. माफ केलं म्हणावं तर तसं नाही, शिव्या दिल्या म्हणावं तर तेही नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्याने इस्पितळाच्या थांब्याचं नाव मोठ्याने सांगायला सुरुवात केली. आधी शहराच्या भाषेत, मग घरच्या. पहिल्यांदा आवाज पार चिरकला. प्रवासी कुरकुरले. तपासनिसांनी विचारलं, "हे काय नवीन खूळ?"

"मी बाहेरून आलोय साहेब," तो म्हणाला. "मला दोन्ही येतात."

मग डेपोतल्या एका ड्रायव्हर बाईने आपल्या भाषेची भर घातली, आणखी एकाने आपल्या. होता होता वरिष्ठांनीही मनावर घेतलं आणि सगळ्या बसमध्ये चार भाषांतल्या घोषणा लावायचं ठरलं. घरच्या भाषेसाठी आवाज त्याचाच घेतला. इस्पितळाचं नाव आलं की तो अडखळायचा, रेकॉर्डिंगवाला पुन्हा पाणी पुढे करायचा.

लोक कौतुक करतात. "पाहुण्याने सुरू केलं हे," असं नव्या भरतीला सांगतात. त्याला कुठे तोंड लपवू असं होतं.

म्हातारी त्याच्या बसमध्ये पुन्हा कधी चढली नाही. दुसऱ्या एखाद्या बसमध्ये तिने तो आवाज ऐकला असेल का, ऐकला तर ओळखला असेल का, हे त्याला तिला विचारायचं असतं. पण कोणत्या तोंडाने विचारणार?