सागवान लिहिलेली चिठ्ठी

टिपणीसबाई कुणाच्याही घरी गेल्या की आधी खुर्ची उलटी करून बघायच्या आणि मग तिच्यावर बसायच्या. घरातली बाई चहाचा ट्रे घेऊन बाहेर येईपर्यंत तिच्याच खुर्चीचे चारही पाय छताकडे झालेले असायचे आणि टिपणीसबाई चष्मा कपाळावर चढवून खुर्चीच्या पोटातले खिळे न्याहाळत असायच्या. "वरून सगळेच गुळगुळीत असतात," असं म्हणून त्या खुर्ची सरळ करायच्या, पदर नीट करायच्या आणि चहात साखर कमी घातली आहे ना, ते विचारायच्या. आपण काही वावगं केलं असं त्यांच्या गावीही नसायचं.

मी त्यांच्याकडे सात वर्षं नोकरी केली. नौपाड्यात एका जुन्या दवाखान्याच्या मागच्या बाजूला त्यांचा लिलावाचा हॉल होता. पाडायला काढलेल्या इमारतींमधलं, वारलेल्या माणसांचं, परदेशी गेलेल्या मुलांनी मागे ठेवलेलं सामान तिथे यायचं आणि दर रविवारी सकाळी दहाला विकलं जायचं. माझं काम चिठ्ठ्या लिहिण्याचं. प्रत्येक वस्तूला दोऱ्याने पुठ्ठ्याची एक चिठ्ठी बांधायची; तिच्यावर वस्तूचं नाव, लाकूड किंवा धातू, अंदाजे वय आणि कुठे काय मोडलं आहे ते. माझं अक्षर चांगलं म्हणून मला घेतलं असा माझा समज होता. बाईंनी तो पहिल्याच आठवड्यात दूर केला. "अक्षर पुष्कळ जणींचं चांगलं असतं. तू मुलाखतीला आलीस तेव्हा घाबरलेली होतीस. घाबरलेलं माणूस थापा मारत नाही, म्हणून घेतलं तुला."

हॉलमध्ये सगळ्यात जास्त मागणी होती ती कुंड्या ठेवायच्या जुन्या स्टँडना. बिडाची नक्षीदार, वेताची, लाकडी तीन पायऱ्यांची, नाना प्रकारची. घोडबंदर रोडच्या तिसाव्या मजल्यावर राहणारी जोडपी त्यांच्यासाठी रविवारची झोप मोडून यायची, फोनवर घरच्यांना दाखवून बोली लावायची. यांतली निम्मी स्टँडं मुळात स्टँडं नव्हतीच. त्या घडवंच्या होत्या, म्हणजे पूर्वी स्वयंपाकघरात पाण्याचे हंडे-कळश्या ठेवायला असायची ती भोकाभोकांची लाकडी घोडी. माळ्यावरून खाली यायच्या, सुतार त्यांचे पाय सरळ करायचा, पॉलिश व्हायचं आणि चिठ्ठीवर मला लिहावं लागायचं, 'अँटिक प्लँट स्टँड'. मी एकदा कुरकुरले तेव्हा बाई म्हणाल्या, "घडवंची म्हटलं की गिऱ्हाइकाला मोरी आठवते. प्लँट स्टँड म्हटलं की बाल्कनी. नाव काय द्यायचं ते मी ठरवणार. लाकूड देवानं ठरवलंय, त्यात मी ढवळाढवळ करत नाही आणि तुलाही करू देणार नाही."

हे त्या अक्षरशः पाळायच्या. एका गृहस्थांनी बिडाचं एक देखणं स्टँड विकायला आणलं होतं आणि ते शंभर वर्षांपूर्वी साहेबाच्या बंगल्यात होतं अशी कथा सांगितली होती. बाईंनी भर लिलावात ते आडवं केलं आणि म्हणाल्या, "साहेब मानपाड्याला राहत असतील. तिथल्याच कुठल्यातरी भट्टीतलं ओतकाम आहे, दोन पावसाळेसुद्धा बघितलेले नाहीत यानं." हॉल हसला. गृहस्थ दुसऱ्या रांगेत बसलेले होते, त्यांचे कान लाल झालेले मी पाहिले. चिठ्ठीतली चूक व्यासपीठावरूनच, सगळ्यांसमोर दुरुस्त करायची हा बाईंचा नियम होता. मी एकदा शिसवी लिहिलेली चौकट साधी निघाली तेव्हा त्या म्हणाल्या, "शिसवी नाही, पॉलिश काळं आहे. वैशालीची नजर अजून कच्ची आहे." मी दवाखान्याच्या बोळात जाऊन रडले. बाईंनी माझ्यासाठी चहा पाठवला आणि चहाबरोबर चिठ्ठी परत लिहायला पाठवली.

त्यांना माणसं कळत नव्हती असं नाही. कळायची आणि तरीही त्या बोलायच्या. बायको जाऊन महिनाही न झालेले एक जोशी म्हणून निवृत्त इंजिनिअर होते. त्यांनी बायकोचं तीन पायऱ्यांचं स्टँड आणलं ते तिने लावलेल्या झाडांसकट. कुंड्या कुठे ठेवायच्या ते त्यांना सुचलं नसावं. बाईंनी एकेक कुंडी उचलून दारापाशी ठेवली. "झाडं घेऊन जा. गेलेल्या माणसाची झाडं कुणी घेत नाही आणि मलाही इथे पाणी घालत बसायला वेळ नाही." जोशी रिक्षात मांडीवर दोन कुंड्या आणि पायापाशी तीन ठेवून घरी गेले. मी बाईंना म्हटलं, निदान आजच्या दिवस ठेवून घ्यायच्या होत्या. त्या म्हणाल्या, "आज ठेवल्या असत्या तर उद्या ते बघायला आले असते. परवा पुन्हा. त्यांना काय रोज इथे रडायला बोलावू?" त्या स्टँडची चांगली बोली लागली आणि बाईंनी जोशींना त्यातली पै न् पै दिली. व्यवहारात त्यांच्याकडे बोट दाखवायला जागा नव्हती, आणि तेच मला त्यांच्यातलं सगळ्यात त्रासदायक वाटायचं.

आता माझ्या आईची गोष्ट सांगायला हवी, कारण टिपणीसबाई म्हटलं की मला तीच आठवते.

आमची डोंबिवलीची इमारत पाडायला काढली आणि आईला तात्पुरतं एका खोलीच्या भाड्याच्या घरात जावं लागणार होतं. सामान कमी करायचं होतं. आईकडे तीन भोकांची एक घडवंची होती. कोकणातून, तिच्या लग्नात, तिच्या आईने पाठवलेली. माझ्या आजीने, म्हणजे वडिलांच्या आईने, आईचं माहेर फाटकं म्हणून तिला जन्मभर टोचलं. चार भांडी आणि दोन लुगडी घेऊन आलेली सून, असं ती पाहुण्यांसमोर म्हणायची. त्यावर आईचं एकच उत्तर असायचं, "माझ्या आईनं सागवानी घडवंची दिली आहे. तुमच्या घरात एवढं लाकूड दाखवा." तपकिरी तेलरंगाचे थर चढलेली ती घडवंची आमच्या बाहेरच्या खोलीत मानाने उभी असायची. तिच्यावर घासलेल्या रिकाम्या कळश्या असायच्या. पाणी प्यायचं ते मात्र स्वयंपाकघरातल्या प्लास्टिकच्या पिंपातलं.

"तुमच्या बाईंकडे दे," आई म्हणाली. "चांगल्या घरी जाईल. सागवान आहे, लोकांना कळू दे. आणि मी येणार हां लिलावाला. पेडणेकरांना पण आणते." पेडणेकरकाकू आमच्या शेजारच्या. माझ्या आजीची टोमणेबाजी ज्यांनी भिंतीपलीकडून वर्षानुवर्षं ऐकली होती, त्या. आईला त्यांना का आणायचं होतं ते मला न सांगता कळलं.

आई बँकेत गेली असताना मी घडवंची उलटी केली. पाच वर्षांची सवय. खालच्या बाजूला रंग नव्हता. सुरीने जरा खरवडलं तर फिकट, धागे सुटणारं लाकूड. सागाला एक तेलकट वास असतो, तो नाही. वजनही नाही. भोकांच्या कडेला पाण्याची रेघसुद्धा उमटलेली नव्हती, कारण तिच्यावर भरलेली कळशी कधी ठेवलीच गेली नव्हती. ठेवली असती तर दहा वर्षांत कुजली असती. आंबा होता. कोकणात ज्याची खोकी करतात आणि ज्याचं जळण करतात, तो आंबा.

मी ती सरळ करून ठेवली आणि आईला काही बोलले नाही. शनिवारी दुपारी बाई सगळा माल हाताने तपासायच्या. त्यांची फेरी संपल्यावर मी घडवंची टेम्पोतून उतरवून घेतली, भिंतीशी लावली आणि चिठ्ठी बांधली. 'अँटिक प्लँट स्टँड. सागवान.' चाळीसेक वस्तूंच्या गर्दीत बाईंची नजर जाणार नाही असं मी स्वतःला पटवलं होतं. इतकी वर्षं त्यांच्याजवळ काढून मी असं समजावं याचं मला आजही नवल वाटतं.

रविवारी आई मोरपिशी रेशमी साडी नेसून आली. शेजारी पेडणेकरकाकू. दोघी पुढून तिसऱ्या रांगेत बसल्या. घडवंचीची पाळी आली. बाईंनी चिठ्ठी वाचली, चष्मा कपाळावर चढवला आणि घडवंची उलटी केली. त्यांनी नखाने खरवडलं, वाकून वास घेतला आणि चिठ्ठी तोडून बाजूला ठेवली.

"चिठ्ठीत सागवान लिहिलंय. ते चूक आहे. आंबा आहे, आणि तोही हलका."

आई उभी राहिली. मला वाटतं ती आयुष्यात पहिल्यांदाच इतक्या माणसांसमोर बोलत होती. "बाई, काहीतरी घोटाळा होतोय तुमचा. माझी आहे ती. माझ्या आईनं सांगितलेलं मला, सागवान आहे म्हणून."

"आईनं सांगितल्यानं लाकूड बदलत नाही," टिपणीसबाई म्हणाल्या. आवाज चढवून नव्हे, अगदी रोजच्या सुरात. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. "बसा. बोली सुरू करूया. आंब्याचं प्लँट स्टँड, तीन कुंड्यांचं."

एका तरुण जोडप्याने ते घेतलं. दुसऱ्या कुणी बोलीच लावली नाही. त्यातल्या मुलीने विचारलं, "याच्यावर मनी प्लँट चालेल ना?" बाई म्हणाल्या, "चालेल. खाली बशी ठेवा, ओल लागू देऊ नका." आई खाली मान घालून साडीच्या निऱ्या सारख्या करत होती. पेडणेकरकाकूंनी तिच्या हातावर हात ठेवला, तो तिने हळूच बाजूला केला. परतताना स्टेशनपर्यंत ती एवढंच म्हणाली, "गर्दी बरीच असते नाही गं तुमच्याकडे."

दुसऱ्या दिवशी मी बाईंशी भांडले. म्हटलं, माझी आई समोर बसलेली तुम्हांला दिसत होती.

"दिसत होती. म्हणून कमी बोलले. नाहीतर पाण्याची रेघ नाही तेही सांगितलं असतं," बाई म्हणाल्या. "या हॉलमध्ये माणसं माझ्या शब्दावर लाकूड घेतात. आणि मी तुझ्या आईला बोलले नाही, चिठ्ठीला बोलले. चिठ्ठी कुणी लिहिली होती?"

"बाई, तेवढीच एक गोष्ट होती तिच्याजवळ."

"मग तेवढी तरी खरी असायला हवी होती."

मी तडकाफडकी नोकरी सोडली असं लिहायला मला आवडलं असतं. सोडली नाही. पगार वेळेवर व्हायचा, आणि खरं सांगायचं तर दुसरीकडे कुठे मला इतकं शिकायला मिळालं नसतं. पण त्या दिवसापासून मी त्यांच्याशी कामापुरतं बोलले. त्यांना त्याचं काही वाटलं असेल तर त्यांनी दाखवलं नाही. "बोलत नाहीस ते बरं आहे, चुका कमी होतात," एवढं एकदा म्हणाल्या.

दोन वर्षांनी बाई आजारी पडल्या. पोटाचा आजार, उशिरा कळलेला. त्यांचं सख्खं असं कुणी नव्हतं, म्हणून ठाण्यातल्या हॉस्पिटलात मी जाऊन यायची. एकदा आई म्हणाली, "मला घेऊन चल." मी टाळलं. तिने पुन्हा म्हटलं. मला वाटलं, माफ करायचं असेल.

बाई उशाला टेकून बसल्या होत्या. अंगावरचं मांस सगळं उतरलं होतं, नजर तेवढी तशीच. आईने मोसंबी सोलून फोडी बशीत ठेवल्या. जेवण जातं का, झोप लागते का, सगळं विचारून झालं. मग हात पुसत म्हणाली, "बाई, एक विचारायचं होतं. माझी घडवंची. आता इथे कुणी नाही, विकायचीही नाही. सागवान होतं ना ते?"

एका शब्दाचा प्रश्न होता. बाईंचं काही जाणार नव्हतं, आणि समोर बसलेल्या सत्तरीच्या बाईला तिची आई परत मिळणार होती. मी बाईंकडे पाहून मान हलवली. हो म्हणा, असं अगदी उघड खुणावलं. त्यांनी ते पाहिलं.

"आंबा," बाई म्हणाल्या. दम लागला म्हणून थांबल्या. "आणि तुमच्या आईला ते ठाऊक असणार. विकत घेणाऱ्याला भावावरून कळतंच."

आईने बशी त्यांच्या जवळ सरकवली. "फोडी खाऊन घ्या, सुकतील," म्हणाली आणि उठली.

रिक्षात ती बाहेर बघत होती. मग म्हणाली, "तू सात-आठ वर्षं हेच काम करतेस. चिठ्ठी लिहिण्याआधी उलटी करून बघितली असशील ना?"

नाही म्हणायचं असं मी ठरवलं होतं. तोंडातून मात्र "हो" गेलं.

"म्हणजे आईला ठाऊक, तुला ठाऊक," ती म्हणाली. "आणि मी आपली आख्ख्या बिल्डिंगला सांगत सुटलेले."

तुला वाईट वाटू नये म्हणून, असं काहीतरी मी पुटपुटले. तिने ड्रायव्हरला रिक्षा जरा हळू चालवायला सांगितली.

नऊ दिवसांनी टिपणीसबाई गेल्या. मी घरी येऊन आईला सांगितलं तेव्हा ती ओट्याशी भांडी घासत होती. तिने हात थांबवला नाही.

"माझ्याशी खरं बोललेली ती एकटीच होती," म्हणाली आणि धुतलेलं पातेलं माझ्या हातात न देता स्वतःच पालथं घातलं.