गुडघ्याखालची उशी

आईचा उजवा गुडघा बदलून आता अडीच महिने झाले. घरात ती काठीशिवाय फिरते, अंगणात काठी घेते. भेटायला येणारे मला म्हणतात, आईची चांगली सेवा केली. मी मान हलवून विषय बदलतो. त्या दिवसांत मी काय केलं ते मला माहीत आहे आणि आईला माहीत आहे. आज लिहून टाकतो.

वर्ध्याजवळच्या आंजी गावात आमचं बी-बियाण्यांचं दुकान आहे आणि गावाला लागून थोडं शेत. आईने पंचाहत्तरी ओलांडली. सात-आठ वर्षं ती भिंतीला हात टेकून उठायची, आणि मी दर वर्षी म्हणायचो, एवढा कापूस घरात येऊ दे, मग दवाखान्यात जाऊ. कापूस यायचा. मग पेरणीचे दिवस यायचे, दुकानात गर्दी व्हायची, आणि आई म्हणायची, "राहू दे, आता बरं हाय." ते खोटं आहे हे मला कळायचं. कळूनही मी ते सोयीने खरं मानायचो.

शेवटी ती न्हाणीत पडली, तेव्हा कुठे वर्ध्याला ऑपरेशन झालं.

दवाखान्यातून सुट्टी झाली त्या दिवशी व्यायाम शिकवणारी एक तरुण फिजिओथेरपिस्ट आईच्या पलंगाजवळ उभी राहून सगळं समजावून सांगत होती. कसं झोपायचं, कसं बसायचं, काय करायचं नाही. मी बाहेर व्हरांड्यात खताच्या गाडीवाल्याशी फोनवर भांडत होतो. आत आलो तर तिने एक छापील कागद माझ्या हातात दिला. मी तो चार घड्या करून खिशात घातला आणि दुसऱ्या दिवशी दुकानाच्या ड्रॉवरमध्ये टाकला. घरी येऊन व्यायाम घ्यायला तिला तिसऱ्या दिवशी बोलवायचं होतं. तो फोनही मी अकराव्या दिवशी केला.

आई जन्मभर जमिनीवर गादी टाकून झोपलेली, डाव्या कुशीवर, पाय पोटाशी घेऊन. आता उंच पलंग, वर आढ्याकडे तोंड आणि हलायची सोय नाही. गुडघा सुजून भोपळ्याएवढा झालेला, हात लावला तर चटका बसावा असा गरम. पाय सरळ ठेवला की मागची शीर ओढायची. बर्फाची पिशवी ठेवली की थोडा वेळ बरं वाटायचं, मग ओल्या चादरीचा त्रास. ती पायाकडे बघून म्हणायची, "हा पाय माहा नोहेच बाप्पा. कोणाचा तरी आणून लावला त्यायनं."

माझी बायको तिच्याच खोलीत खाली झोपायची. सकाळी दोघींचे डोळे सारखेच लाल.

चौथ्या दिवशी मी पाहिलं, आई दोन्ही हात गुडघ्याखाली घालून पाय जरासा उचलून धरते आहे. "असं धरलं का बरं वाटते," ती म्हणाली. "पण हात किती वेळ पुरन?"

तेवढंच मला पुरलं. घरात नुकताच वेचलेला कापूस पडला होता. त्यातलं एक गाठोडं मी तिच्या खोलीत आणलं आणि तिच्या पलंगाजवळ बसून त्यातला पालापाचोळा, काड्या, पिवळं बोंड असं एकेक वेचून काढू लागलो. आई मान वळवून बघत होती.

"दुकान सोडून काय करून राह्यला रे?"

"तुझ्या पायाखाली घ्यायला उशी करतो."

"घरच्या कापसाची?"

"हो."

"मंग तं पायाखाली कायले, डोक्याखालीच दे." पण ती हसत होती. सगळा कापूस वेचून होईपर्यंत ती बोलत राहिली. माझ्या वडिलांबद्दल, वाहून गेलेल्या बांधाबद्दल, कोणाच्या तरी लग्नात झालेल्या भांडणाबद्दल. दुखण्याचं नाव नाही.

तो कापूस मी वर्ध्याला नेला आणि गादी भरणाऱ्याकडून सरकी काढून, पिंजून उशी भरून घेतली. "नरम ठेवू का कडक?" त्याने विचारलं. मी म्हटलं, कडक, दबली नाही पाहिजे. बायकोने आईच्या जुन्या लुगड्याची खोळ शिवली. दुसऱ्या दिवशी दुपारी उशी गुडघ्याखाली दिली आणि आई चार वाजेपर्यंत झोपली. घोरली. मी दारात उभा राहून ते घोरणं ऐकलं आणि माझ्या मनात आलं, सात-आठ वर्षांचं सगळं या एका उशीने भरून काढलं. गिऱ्हाइकांनाही मी ते सांगत सुटलो.

मग ती उशी रात्रंदिवस तिथेच राहिली.

अकराव्या दिवशी ती फिजिओथेरपिस्ट मुलगी स्कूटरवर आली. तिने आधी उशी काढून बाजूला ठेवली आणि म्हणाली, "आज्जी, पाय सरळ करा बरं." आईने केला. म्हणजे तिला वाटलं की केला. गुडघा वरच राहिला. मुलीने खालून हात घातला. तिची अख्खी मूठ आरपार गेली.

"ही उशी गुडघ्याखाली कोणी ठेवली? कागदावर पहिल्याच ओळीत लिहिलंय, ठेवायची नाही म्हणून."

आई लगेच म्हणाली, "म्याच घेतली. मले बरं वाटे."

मी दारात त्या मुलीसाठी चहा घेऊन उभा होतो. तोंड उघडायला एक क्षण पुरला असता. मी कप टेबलावर ठेवला आणि विचारलं, "साखर चालते ना?"

मुलीने आईला समजावलं. नव्या गुडघ्याला सुरुवातीला जशी सवय लावाल तसा तो धरतो. वाकवून ठेवला की बरं वाटतं, आणि तोच धोका असतो. सहा आठवड्यांत सरळ झाला नाही तर डॉक्टर कदाचित पुन्हा भूल देऊन सरळ करतील.

"भूल?" आईचा चेहरा उतरला. पहिल्या भुलीनंतर तिला दोन दिवस उलट्या झाल्या होत्या, आणि गुंगीत ती माझ्या वडिलांना हाका मारत होती. त्यांना जाऊन बारा वर्षं झाली. शुद्धीवर आल्यावर ते तिला पुन्हा नव्याने कळलं. तिचं तेव्हाचं रडणं मी पाहिलं होतं. दुखणं ती सोसत होती. भूल मात्र तिला नको होती.

त्या दिवसापासून उशी माळ्यावर गेली. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी, गुडघा मोकळा, अधांतरी. आधी दहा मिनिटं, मग वीस. आईने गुडघा खाली दाबायचा, मी वर नुसता तळहात ठेवून दहापर्यंत मोजायचं. झोपतानाही पाय सरळच. तिची लागलेली झोप मीच मोडली होती.

"सहा, सात..."

"माय वो! हळू मोजून राह्यला का तू? भरभर म्हण."

"भरभर म्हटलं तर दहा कसे होतील?"

"तू जनमला तवा तुहे पाय धनुष्यासारखे होते. म्या माह्या पायावर पालथं टाकून, तेल लावून रोज वढून सरळ केले. गल्ली गोळा करे तू बोंबलून. आता बदला घेऊन राह्यला."

आणि ती हसता हसता डोळे पुसायची. मी मोजत राहायचो.

एका दुपारी व्यायाम संपल्यावर मी बर्फाची पिशवी ठेवली आणि म्हणालो, "आई, ती उशी मी ठेवली होती. तू त्या मुलीला खोटं सांगितलंस, आणि मी ऐकत उभा राहिलो."

"मंग? लेकराएवढ्या पोरीच्या तोंडून तुले बोल ऐकू देऊ?"

"मी तो कागद वाचलाच नव्हता."

"म्या तं ऐकलं होतं ना," आई म्हणाली. "तू बाहेर फोनवर होता. तिनं मले दोन खेपा सांगतलं, आज्जी, गुडघ्याखाली उशी घ्यायची नाई."

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. "मग सांगतलं काऊन नाई मले?"

तिने बर्फाची पिशवी उगाच इकडची तिकडे केली. "तू दुकान बंद ठेवून कचरा वेचत बसला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माह्यापाशी दोन घंटे बसला. उशी नको म्हटलं असतं, तं तू उठून गेला असता."

मी तिचा पाय धरून बसलो. वर बघायची हिंमत झाली नाही. बर्फाचं पाणी माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

पुढच्या खेपेला मी त्या मुलीला खरं सांगितलं. ती म्हणाली, "माहीत आहे काका. आज्जींना तेव्हा एकट्याने पलंगावरून उतरता येत नव्हतं. उशी काय चालत आली?" आई खळखळून हसली. मीही हसलो, पण मला ते नीट जमलं नाही.

रोज दोन्ही वेळ मी व्यायाम घेतला. दुकान उशिरा उघडायचं, दुपारी बंद ठेवायचं. मुठीच्या जागी तळहात जाऊ लागला, मग चार बोटं. सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी पाहिलं तेव्हा गुडघ्याखालून दोन बोटं जात होती. ते म्हणाले, भुलीची गरज नाही, उरलेलं चालून चालून होईल. आईने रिक्षात बसेपर्यंत माझा दंड सोडला नाही.

त्या मुलीने कुशीवर झोपायचीही परवानगी दिली. फक्त दोन्ही पायांच्या मध्ये उशी ठेवायची, म्हणाली. आईने माझ्याकडे पाहिलं. "वरतं ठेवली ना ती? काढ."

मी माळ्यावरून उशी उतरवली, झटकली, दोन दिवस उन्हात टाकली. तिसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर आई हळूहळू डाव्या कुशीवर वळली. मी उशी तिच्या पायांमध्ये सरकवली. तिने एक लांब श्वास सोडला, घरी परत आल्यावर माणूस सोडतो तसा.

"जा आता," डोळे मिटून ती म्हणाली. "गिऱ्हाईक आलं असन."

"जातो."

थोड्या वेळाने ती घोरू लागली. मी तिच्या गुडघ्यामागे हळूच हात नेऊन पाहिलं. पाय अजून पुरता सरळ नाही, एवढासा बाक आहेच. तो माझा. मी हात काढून घेतला आणि तिथेच पलंगाला पाठ टेकून खाली बसलो. दुकान त्या दिवशी पाच वाजता उघडलं.