सड्यावरची पहिली लीग

आमच्या भागात फुटबॉलची लीग सुरू झाली दोन वर्षांपूर्वी. तोवर खेळ म्हणजे क्रिकेट, नाहीतर कबड्डी. खेळाच्या एका निवृत्त मास्तरांनी चार संघ जमवले: पावसच्या अलीकडचे आम्ही, नाटे गावची मच्छीमार मुलं, राजापूरकर आणि रत्नागिरी शहरातले. नवरात्र झालं की सुरू करायचं, प्रत्येकाशी दोनदा खेळायचं आणि आंब्याच्या फवारण्या अंगावर यायच्या आत संपवायचं, एवढंच ठरलं होतं. ऑफसाइड ठेवायचा की नाही यावर पहिल्या सामन्याआधी इतका वाद झाला की उत्तरार्ध अंधुक उजेडात खेळावा लागला. मैदान म्हणजे सडा, नुसतं जांभ्या दगडाचं उघडं पठार. पडलं की कातडं सोललंच. गोलची जाळी नाटेकरांनी दिली होती, जुन्या मासेमारीच्या जाळ्यातून कापलेली.

आमचा गोलकीपर आमच्याहून दहाएक वर्षांनी मोठा. जहाजावर खलाशी होता, कॉन्ट्रॅक्ट संपवून घरी आलेला. सगळे त्याला दादा म्हणायचे. मी त्याच्यापुढे बचावाला. सामनाभर त्याचा आवाज माझ्या पाठीवर असायचा. "बॉल काय बघतोस, माणूस बघ." त्याचे वडील एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. ते प्रत्येक सामन्याला यायचे, मैदानाकडेच्या दगडी गडग्यावर बसायचे आणि आम्ही जिंकलो तरी टाळी वाजवायचे नाहीत.

पहिला सामना आम्ही जिंकलो, दुसरा बरोबरीत सुटला. दिवाळी संपताना दादाला नव्या जहाजासाठी मुंबईच्या एजंटाचा फोन आला.

"लीग संपेपर्यंत थांब की," मी म्हटलं.

"आता नको म्हटलं तर पुढच्या वेळी बोलवत नाहीत रे," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी गेला. राजापूरला आम्ही त्याच्याशिवाय खेळलो आणि हरलो.

मी पावसच्या एका औषधांच्या दुकानात काम करतो. पुढच्या आठवड्यात काका, म्हणजे दादाचे वडील, ब्लडप्रेशरच्या गोळ्या न्यायला आले. मी गोळ्या काढत असताना म्हणाले, "तो जहाजावर नाही म्हणतात."

"नाही म्हणजे?"

"सकाळी ड्यूटीवर आला नाही. सगळीकडे शोधलं. समुद्रातही शोधलं म्हणतात." गोळ्या खिशात घातल्या आणि चालू लागले.

संध्याकाळी आम्ही सगळे त्यांच्या घरी गेलो. ओटीवर माणसं बसली होती, हळू आवाजात बोलत होती. वहिनी, दादाची बायको, ज्याच्या हातात मोबाइल दिसेल त्याला विचारत होती, "तिथं पाणी थंड असतं का हो?" मी बाहेर जाऊन, कंपनीनं सांगितलेल्या समुद्राचं नाव टाकून मोबाइलवर बघितलं. उत्तर लगेच मिळालं. मोबाइल खिशात टाकला आणि आत जाऊन म्हटलं, रेंज नाही.

त्या रविवारी नाटेकरांबरोबर सामना होता. आमच्यातल्या एकाच्याही लक्षात राहिलं नाही, कुणाला कळवलंही नाही. ती मुलं टेम्पो करून आली, थांबली, शेवटी मास्तरांनी नियमाप्रमाणे गुण त्यांना दिले. संध्याकाळी त्यांच्या कॅप्टनचा मला फोन आला. तो चिडलेला होता. "यायचं नव्हतं तर सांगायचं तरी."

मी सांगितलं. मग तो म्हणाला, "गुण आम्हांला नकोत. तुम्ही सांगाल तेव्हा पुन्हा खेळू. नसेल खेळायचं तर तसं सांगा."

आम्ही काकांना विचारायला गेलो. ते म्हणाले, "खेळा. नाही खेळलात म्हणून काय होणार आहे?"

गोलमध्ये उभं राहायला कोणी तयार होईना, म्हणून मी राहिलो. आम्ही पाच गोलांनी हरलो. तिसऱ्या गोलनंतर नाटेकरांनी ओरडणं बंद केलं. गोल करायचे आणि मान खाली घालून परत जायचे. ते मला जास्त लागलं. काका शेवटपर्यंत गडग्यावर होते. शहरातल्या संघाविरुद्ध आमचे सहाच जण जमले, तो आणि उरलेला सामना सोडून द्यावा लागला. आम्ही शेवटचे आलो.

बक्षिसांच्या वेळी मास्तर म्हणाले, आधी दोन मिनिटं उभं राहू या. खुर्च्या सरकल्या. मागून काका बोलले, "कशासाठी?"

मास्तर गडबडले.

"तो गेला असं कोणी सांगितलंय तुम्हांला?" काकांचा आवाज चढला नव्हता. उभे राहिलेले सगळे खाली बसले. मग चषक दिला, फोटो काढले.

त्यानंतर लीग तीन संघांची झाली. आमचा संघ पुन्हा जमला नाही. कंपनीकडून कागद आले, त्यात 'बेपत्ता' एवढंच होतं. वकील म्हणाला, शरीर सापडलं नाही, तर कायद्यानं माणूस मेला असं धरायला सात वर्षं जावी लागतात. वहिनी काजूच्या कारखान्यात जायला लागली. गळ्यात मंगळसूत्र तसंच आहे.

गेल्या भाद्रपदात त्यांच्या घरी गणपती आणायचा की नाही यावर भावकीत वाद झाला. काही म्हणाले, घरात असं झालंय, यंदा नको. काही म्हणाले, काय झालंय ते तरी सांगा, सुतक नसताना गणपती कसा चुकवायचा? काका ऐकत बसले होते. शेवटी वहिनीच आतून म्हणाली, "आणा."

मी आरतीला गेलो होतो. आरती सगळ्यांनी म्हटली. टाळ कोनाड्यात होते, ते कोणी काढले नाहीत.